शपथपत्रात मालमत्ता दिसते, कराविषयीची भूमिका दिसत नाही : 'नो युवर कँडिडेट' सेवेचे एका कोल्हापूरकर मतदाराने केलेले परीक्षण

भारत निवडणूक आयोगाचे 'नो युवर कँडिडेट' हे ॲप आणि आयोगाच्या संकेतस्थळावरील उमेदवारांच्या शपथपत्रांचा विभाग, अशा दोन दारांची ही एकच सेवा आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले, त्यापूर्वीच्या दिवसांत मी या सेवेचा मन लावून वापर केला आणि तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक मतदाराला ती वापरण्याचा आग्रह करीत आलो आहे. माझा व्यवसाय करसल्ल्याचा आहे. शाहूपुरीतील गुळाचे व्यापारी, शिवाजी उद्यमनगरातील छोटे कारखानदार, चप्पल लाईनमधील दुकानदार आणि काही नोकरदार मंडळी यांची विवरणपत्रे भरणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे मत देताना माझ्या मनात पहिला प्रश्न कराचाच येतो : हा माणूस निवडून गेला तर माझ्या आणि माझ्या पक्षकारांच्या खिशातून किती घेण्यास संमती देईल, कशासाठी देईल आणि त्याचा हिशेब देईल का? या सेवेकडे मी हाच प्रश्न घेऊन गेलो आणि हे परीक्षणही त्याच दृष्टीने लिहीत आहे.

सेवेची रचना सोपी आहे. राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते, थेट नावानेही शोध घेता येतो. अर्ज स्वीकारला गेला की फेटाळला गेला, उमेदवारावर फौजदारी प्रकरणे आहेत किंवा नाहीत, हे नावासमोर दिसते आणि त्याने अर्जासोबत दिलेले शपथपत्र उतरवून घेता येते. पैसे लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही. आज हे सहज वाटते, परंतु उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील खटले जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला आणि २००३ मध्ये पुन्हा ठामपणे उचलून धरला, तेव्हा कोठे हा कागद आपल्या हाती पडू लागला. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने त्यासाठी न्यायालयात लढा दिला होता. आपल्या करातून चालणाऱ्या असंख्य सेवांपैकी नागरिकाच्या हाती इतके थेट सामर्थ्य देणाऱ्या सेवा थोड्याच आहेत, आणि म्हणून या सेवेबद्दल माझ्या मनात प्रथम कृतज्ञता आहे.

शपथपत्राचा हा नमुना 'नमुना २६' म्हणून ओळखला जातो. बहुतेक मतदार त्यातील दोनच गोष्टी पाहतात : एकूण मालमत्ता किती कोटींची आणि गुन्हे किती. वर्तमानपत्रांतील बातम्याही याच दोन आकड्यांवर संपतात. करसल्लागाराच्या नजरेने पाहिले तर याहून मोलाचा मजकूर दुसऱ्याच रकान्यांत आहे, आणि तो वाचण्यासाठी थोडी माहिती हवी, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

उमेदवाराला स्वतःचे, जोडीदाराचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींचे मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतील उत्पन्न द्यावे लागते. आमच्या जिल्ह्यात हा रकाना वाचताना नेहमी घोटाळा होतो. ऊस पिकवणाऱ्या, पंधरा-वीस एकर बागायत असलेल्या उमेदवाराच्या विवरणपत्रातील उत्पन्न चार-पाच लाखांचे दिसते, त्याच्या जमिनीची किंमत काही कोटींत दिसते आणि वाचणारा लगेच त्याला करबुडवा ठरवतो. वस्तुतः शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे आणि भागीदारी संस्थेने आपल्या नफ्यावर कर भरल्यानंतर भागीदाराच्या वाट्याला येणारा नफाही त्याच्या हातात करमुक्त असतो. त्यामुळे करपात्र उत्पन्न कमी दिसणे हा स्वतःहून दोष ठरत नाही. पाहायचे ते हे, की पाच वर्षांत मालमत्ता ज्या वेगाने वाढली, त्या वेगाला साजेसा उत्पन्नाचा स्रोत त्याच शपथपत्रातील 'उत्पन्नाचे स्रोत' या रकान्यात सांगितला आहे का. पूर्वी निवडणूक लढवलेल्या उमेदवाराचे जुने शपथपत्र शेजारी ठेवून वाचले तर ही तुलना कोणालाही करता येते, त्यासाठी माझ्यासारख्या माणसाची गरज नाही.

आणखी एक बाब येथे सांगितली पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार घटनेने राज्यांकडे ठेवला आहे. म्हणजे विधानसभेचा उमेदवार हा या विषयावर कायदा करू शकणाऱ्या सभागृहाचा उमेदवार असतो. मला असा कर नको आहे, आणि तो का नको हे पुढे येईलच. पण ज्याच्या हाती तो अधिकार जाणार आहे, त्याने तो कसा वापरायचा ठरवले आहे हे विचारण्याचा मला हक्क आहे. शपथपत्रात त्याची जमीन गट क्रमांकासह आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोठेही नाही.

दुसरा दुर्लक्षित भाग सरकारी थकबाकीचा आहे. आयकर, वस्तू व सेवा कर, महापालिकेचा घरफाळा, सरकारी निवासाचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनीची देणी येथे सांगावी लागतात, आणि एखादे देणे वादात असेल तर तसेही नमूद करावे लागते. मी हा भाग सर्वांत आधी उघडतो. दुसऱ्यांच्या कराचा पैसा खर्च करण्याचा अधिकार मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाट्याचा कर वेळेवर भरला आहे का, याहून साधी कसोटी मला सुचत नाही. त्याच वेळी, वादातील देण्याकडे मी संशयाने पाहत नाही. आकारणी चुकीची वाटल्यास अपिलात जाणे हा करदात्याचा हक्क आहे आणि तो हक्क बजावलेला माणूस उद्या दुसऱ्या करदात्याची अडचण अधिक लवकर समजून घेईल, असे मला वाटते.

सेवेच्या मर्यादा मुख्यतः कायद्याने ठरवलेल्या नमुन्यातून आल्या आहेत. शपथपत्र हे नोटरीसमोर केलेल्या कागदाची प्रतिमा असते, त्यामुळे त्यातील आकडे शोधता येत नाहीत आणि दोन उमेदवार शेजारी मांडून पाहता येत नाहीत. मी वाचलेल्यांपैकी एका अपक्ष उमेदवाराचे हस्ताक्षर इतके दाट होते की मालमत्तेच्या पानावरील शून्ये मोजणे अशक्य झाले. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सचे 'मायनेता' हे संकेतस्थळ हीच माहिती तक्त्यांत मांडते, म्हणून मी दोन्ही एकत्र वापरण्याचा सल्ला देतो. वेळेचीही अडचण आहे. त्या निवडणुकीत अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. तुळशीच्या लग्नाची गडबड, ऊसतोडीची तयारी आणि प्रचाराचे भोंगे यांच्यामध्ये मतदाराला वाचनासाठी उरतात ते जेमतेम दोन आठवडे.

आता माझी भूमिका स्पष्ट करतो, कारण परीक्षकाचा कल वाचकाला ठाऊक असावा. करांविषयी मी लिबर्टेरियन विचारांच्या, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य जास्तीत जास्त आणि सरकारचा हात कमीत कमी असावा असे मानणाऱ्या विचारांच्या, जवळचा आहे. या विचाराची मांडणी अमेरिकेत जितकी टोकाला गेली तितकी अन्यत्र क्वचितच गेली असेल. तेथे १९७१ मध्ये त्या नावाचा पक्ष निघाला आणि आयकर रद्द करावा ही त्याची जुनी मागणी आहे. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये असा युक्तिवाद केला की श्रमाच्या कमाईवरील कर हा सक्तीने करवून घेतलेल्या श्रमाच्याच पंक्तीला बसतो, कारण काही तासांचे माझे कष्ट माझ्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या हेतूसाठी जातात. हा युक्तिवाद मला अस्वस्थ करतो, कारण त्याचे सोपे उत्तर नाही. परंतु हा विचार समजून घेण्यासाठी कोल्हापूरकराला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने १९५९ पासून परवाना राज्याविरुद्ध, म्हणजे प्रत्येक उद्योगाला सरकारी परवाना लागण्याच्या पद्धतीविरुद्ध, आवाज उठवला आणि १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा जिंकल्या. पुढे शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून हाच विचार खेड्यापाड्यांतल्या मराठीत आणला. १९८१ चे तंबाखू आंदोलन तर आमच्या शेजारी निपाणीत झाले. सरकार शेतकऱ्याला देते त्याहून अधिक, भाव पाडून आणि निर्यात अडवून, काढून घेते, या 'उणे सबसिडी'च्या त्यांच्या मांडणीने मला करांकडे पाहण्याची दृष्टी दिली. कायद्यात कर म्हणून नोंद नसलेली वसुलीही करच असते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

याचे ताजे उदाहरण ७ डिसेंबर २०२३ चे आहे. त्या दिवशी केंद्राने साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. साखरेचे दर शहरी ग्राहकासाठी आटोक्यात राहावेत हा त्यामागील हेतू होता. इथेनॉलसाठी कर्ज काढून यंत्रे उभारलेल्या आमच्या जिल्ह्यातील कारखान्यांनी आणि त्यांच्या सभासद शेतकऱ्यांनी त्या हंगामात जे गमावले, ते कोणत्याही अर्थसंकल्पात कर म्हणून लिहिले गेले नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये ही बंदी उठली. मी प्रचारासाठी आलेल्या उमेदवारांना याबद्दल विचारले, तेव्हा सर्वांनी शेतकऱ्याविषयी कळवळा व्यक्त केला. सरकारने असा अधिकार मुळात बाळगावा की नाही, या प्रश्नावर कोणीही उत्तर दिले नाही.

उमेदवारांशी झालेल्या भेटींविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण शपथपत्र जेथे थांबते तेथून पुढचे काम मतदाराला स्वतःच करावे लागते. आमच्या भागात घरोघरी आणि दुकानोदुकानी आलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, राज्य शासनाने अनेक दस्तांसाठीचे शंभर रुपयांचे किमान मुद्रांक शुल्क पाचशे रुपये केले, हे आपल्याला मान्य आहे का? प्रश्न मुद्दाम छोटा निवडला होता. भाडेकरू, लहान व्यापारी, वाटणीपत्र करणारे भाऊ अशा साध्या माणसांवर पडणारा हा भार आहे आणि तो राज्याच्या अखत्यारीतील आहे, त्यामुळे आमदाराला 'हे केंद्राचे आहे' असे म्हणून बाजूला होता येत नाही.

एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारासोबत आलेल्या कार्यकर्त्याने त्यांच्या वतीने उत्तर दिले : "साहेब, पहिल्यांदा आम्हाला निवडून तर द्या, मग कराचं बघू." उमेदवार हात जोडून पुढच्या दुकानात गेले. दुसऱ्या एका तरुण अपक्षाने मात्र थांबून बोलण्याची तयारी दाखवली. त्याने मोबाईलवर बरेच वाचले-ऐकले होते. कर म्हणजे सरळ लूट आहे, आपण निवडून आलो तर आयकर बंद करू, असे तो मनापासून म्हणाला. मी त्याला सांगितले, "अरे बाळा, आयकर संसदेच्या हातात आहे. मुंबईच्या विधानभवनात तुला त्यावर हात वर करण्याची वेळच येणार नाही. व्यवसाय कर, वाहन कर, विजेवरील शुल्क, मुद्रांक, दारूवरील उत्पादन शुल्क आणि पेट्रोलवरील व्हॅट यांपैकी कशाबद्दल बोलणार ते सांग." त्याने ही यादी लिहून घेतली. त्याची तळमळ खरी होती आणि मला त्याचे कौतुक वाटले, पण आपण मागत असलेल्या पदाला कोणता अधिकार आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला केवळ विचार जुळतो म्हणून मी मत देऊ शकलो नसतो.

तिसरे उत्तर एका पूर्वाश्रमीच्या नगरसेविकेने दिले, त्या स्वतः उमेदवार नव्हत्या, प्रचाराला आल्या होत्या. "काका, पाचशेचा स्टँप मलाही पटत नाही," त्या म्हणाल्या, "पण बहिणींचे पैसे द्यायचे तर कुठून तरी काढावेच लागणार. मोफत काही नसतं, हे आम्हालाही कळतं. फक्त स्टेजवर बोलता येत नाही." त्या संपूर्ण प्रचारात मी ऐकलेले हे सर्वांत प्रामाणिक वाक्य होते आणि ते उमेदवाराच्या तोंडून आले नाही, याचे मला वाईट वाटते.

बहिणींच्या पैशांचा संदर्भ सर्वांना ठाऊक आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले आणि वर्षाला ४६,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. ५ नोव्हेंबरला महायुतीने आपली दहा आश्वासने आमच्या कोल्हापुरातच जाहीर केली आणि त्यांत ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे वचन होते. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे वचन दिले आणि महिलांना मोफत बसप्रवासाची जोड दिली. कर्जमाफी दोघांकडेही होती. त्या वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली तूट २०,०५१ कोटी रुपयांची होती. दोन्ही बाजूंच्या सभांत मी मन लावून ऐकले. कोणता कर वाढवणार, कोणता खर्च कमी करणार किंवा किती कर्ज काढणार, यांपैकी एकही वाक्य माझ्या कानी पडले नाही.

लिबर्टेरियन माणूस या योजनेला आंधळा विरोध करील, असे समजणे चुकीचे आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६० च्या दशकातच सुचवले होते की गरिबांसाठी दहा खाती आणि वीस योजना चालवण्यापेक्षा ठरावीक उत्पन्नाखालील माणसाला सरकारने थेट रोख रक्कम द्यावी. पैसा कसा खर्चायचा हे कारकुनापेक्षा त्या बाईला अधिक कळते, हा त्यामागचा विश्वास आहे आणि तो विश्वास मला मान्य आहे. माझ्या पक्षकारांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी त्या पैशांतून मुलांचे क्लास लावलेले मी पाहिले आहेत. माझी हरकत वेगळी आहे. फ्रीडमन यांच्या सूचनेत रोख रकमेने इतर योजनांची जागा घ्यायची होती. आपल्याकडे ती जुन्या सर्व योजनांच्या वर चढवली गेली, आणि तिचा भार पेट्रोल, वीज व मुद्रांक यांच्या वाटेने त्याच बाईच्या घरावर पुन्हा येऊन पडतो, हे तिला कोणीही सांगत नाही. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि त्याशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे द्यावे लागतात. कागलच्या पुढे सीमा ओलांडली की इंधन स्वस्त मिळते, म्हणून आमच्याकडील मालवाहू गाड्या शक्यतो कर्नाटकात टाकी भरतात. दोन राज्यांच्या करांत फरक असला की माणूस पायाने मत देतो, म्हणजे कर कमी असेल तिकडे जातो, हा लिबर्टेरियन अर्थशास्त्राचा आवडता सिद्धांत आम्ही पुणे-बंगळूर महामार्गावर रोज पाहतो. ज्या रिक्षावाल्याला सीमेपर्यंत जाणे परवडत नाही, तो मात्र पूर्ण कर भरतो.

या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा कोल्हापूरने घेतली आहे, ती टोलच्या प्रश्नावर. लिबर्टेरियन विचारवंतांना करापेक्षा वापरशुल्क अधिक न्याय्य वाटते : जो रस्ता वापरील त्याने पैसे द्यावेत, जो वापरणार नाही त्याच्यावर भार नको. त्या तर्काने पाहिले तर शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीकडून बांधून घेणे आणि तिला तीस वर्षे टोल गोळा करू देणे, ही आदर्श योजना ठरावी. प्रत्यक्षात २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये वसुली सुरू झाली आणि एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली अख्खे शहर रस्त्यावर उतरले. दोघेही डाव्या विचारांचे होते आणि त्यांच्या मोर्चात माझ्यासारखे, सरकारने कमीत कमी घ्यावे असे मानणारे व्यापारीही चालत होते. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले, त्या हिंसेचे समर्थन मी करीत नाही. अखेर शासनाने टोल रद्द केला आणि कंपनीची देणी राज्याने पत्करली.

मी यावर बराच विचार केला आहे. टोलला विरोध करणे माझ्या मताशी विसंगत होते का? मला तसे वाटत नाही. वापरशुल्क न्याय्य ठरण्यासाठी दोन अटी लागतात : शुल्क देणाऱ्याला पर्यायी वाट असावी आणि करार त्याच्या संमतीने व उघडपणे झालेला असावा. आपल्याच गावात, कामावरून घरी येताना, ज्या रस्त्याला दुसरा रस्ता नाही त्यावर तीस वर्षे पैसे मागितले गेले, आणि करारातील अटी लोकांना वसुलीच्या वेळी कळल्या. येथे बाजाराचा करार नव्हताच, सरकारने आपला कर वसूल करण्याचा मक्ता दुसऱ्याला दिला होता. पण या लढ्याच्या शेवटाबद्दल कोल्हापुरात फारसे बोलले जात नाही, तेही बोलले पाहिजे. टोल गेला म्हणजे रस्ते फुकट झाले नाहीत. कंपनीला द्यायचे पैसे राज्याच्या तिजोरीतून गेले, म्हणजे गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या करदात्यानेही आमच्या रस्त्यांचा काही वाटा उचलला. माझ्या तत्त्वाने पाहता हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांनी टोल घालवल्याचे श्रेय मागितले. त्या देण्याचा उल्लेख करणारा उमेदवार मला भेटलेला नाही.

आणि तरीही मी 'कर म्हणजे चोरी' या टोकापर्यंत जाऊ शकत नाही, याचे कारणही कोल्हापूरच आहे. ज्या शाहूपुरीच्या बाजारपेठेत मी पोट भरतो ती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. राधानगरीचे धरण संस्थानच्या महसुलातून सुरू झाले आणि १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षणही त्याच महसुलातून आले. माझी आजी ज्या शाळेत अक्षरे गिरवू लागली त्या शाळेची फी तिच्या वडिलांना परवडली नसती. नोझिक यांच्या युक्तिवादासमोर मी हे ठेवतो आणि मला दोन्ही बाजूंचे वजन जाणवते. म्हणून माझी मागणी करशून्य राज्याची नाही. कर थोडे असावेत, ते उघड दिसावेत, ज्या कामासाठी घेतले त्या कामाला लागावेत आणि शक्य तितके जवळच्या स्तरावर गोळा व्हावेत, इतकीच ती आहे. व्यवसाय कराची सुरुवात याच पद्धतीने झाली होती : १९७५ मध्ये तो रोजगार हमीसाठी म्हणून लावला गेला आणि शहरातील पगारदार खेड्यातील दुष्काळी मजुराच्या रोजगारासाठी वर्षाला काही रुपये देतो, हे देणाऱ्याला ठाऊक होते. आज वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत तो कर देणाऱ्या माझ्या पक्षकारांपैकी बहुतेकांना त्याचा मूळ हेतू माहीत नाही, आणि प्रचाराला आलेल्यांपैकीही कोणी तो सांगितला नाही.

या सेवेकडून मला एक सुधारणा हवी आहे. नमुना २६ मध्ये एका पानाची भर घालावी. ज्या सभागृहासाठी उमेदवार उभा आहे, त्या सभागृहाच्या अखत्यारीतील कर त्यावर छापलेले असावेत आणि प्रत्येकासमोर 'वाढवावा', 'कमी करावा' किंवा 'आहे तसा ठेवावा' एवढेच उमेदवाराने लिहावे, आणि आपण दिलेल्या सर्वांत मोठ्या आश्वासनाचा खर्च कोठून येईल हे चार ओळींत सांगावे. खोटी मालमत्ता दाखवणाऱ्याला आजच्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. करविषयक भूमिकेसाठी अशी शिक्षा नको, माणसाला मत बदलण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. पण ते मत सहीनिशी नोंदलेले असेल तर पाच वर्षांनी मतदाराला दोन कागद शेजारी ठेवून पाहता येतील, जसे आज मालमत्तेचे पाहता येतात. त्याच्या आधारे वापरणाऱ्याला आपल्या मतदारसंघातील उमेदवारांची तुलना ॲपमध्ये सहज करता यावी.

आहे त्या स्थितीत या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. माहितीच्या प्रामाणिकपणासाठी आणि विनामूल्य उपलब्धतेसाठी पूर्ण गुण, वाचनसुलभतेसाठी निम्मे आणि उमेदवार आपल्या पैशाचे काय करणार हे सांगण्याच्या बाबतीत शून्य. महापालिकेच्या निवडणुकीसाठी ही सेवा उपयोगी पडत नाही, कारण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्या उमेदवारांची शपथपत्रे त्याच आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावी लागतात. तेथे कराचा प्रश्न आणखी नेमका विचारता येतो. जकात गेली, त्यानंतर आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकांना राज्याकडून दरवर्षी ८ टक्के वाढीने भरपाई मिळू लागली. त्यामुळे नगरसेवकाच्या हाती खऱ्या अर्थाने उरले ते घरफाळा आणि पाणीपट्टी. जो उमेदवार घरफाळा माफ करू म्हणून दारात येईल, त्याला बसायला सांगावे, चहा द्यावा आणि काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनने येणाऱ्या पाण्याचे वीजबिल मग कोण भरणार, हे त्याला विचारावे. त्याच्या शपथपत्रातील घरफाळ्याच्या थकबाकीचा रकाना त्या आधी वाचून ठेवावा.